परतीचा आकडा विचारणारी बाई

उम्म रकानच्या टेबलावरच्या पाटीवर बावीस वर्षं झाली तरी 'माहिती नोंदणी लिपिक' असंच लिहिलेलं आहे. ऐन बुत्म या आमच्या गावच्या साठ हजार माणसांना कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या व्हॉल्व्हमधून पाणी सुटायचं हे पाणी कार्यालयातला जो संगणक पाहतो, त्याची स्क्रिप्ट तिनं एकटीनं लिहिली. पाटी मात्र लिपिकाची. आमच्याकडे इंजिनिअर सात आहेत. त्यांतल्या चौघांना ती स्क्रिप्ट कुठे ठेवलीय हेसुद्धा माहीत नाही, पण त्यांच्या पाट्या पितळी आहेत.

मी इयास, तिच्या समोरच्या टेबलावर बसतो. माझी पाटी प्लास्टिकची असली तरी तिच्यावर 'संगणक तंत्रज्ञ' आहे, म्हणजे कागदोपत्री मी तिच्या वरचा. मला जे काय येतं ते तिनंच शिकवलं, हे लिहायला पाटीवर जागा नाही.

तिचं खरं नाव इबतिहाल. उम्म रकान म्हणजे रकानची आई; मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. चौदाव्या वर्षी आई गेली आणि चार धाकटे भाऊ हिच्या पदरात पडले. वडील दिवसभर दगडाच्या खाणीत. घरातली भाकरी हिनं भाजायची आणि पीठ फुगवायचं खमीर आणायला कुठल्या तरी भावाला दुकानात धाडायचं, असं चाललं होतं. त्या दिवसांबद्दल ती रडकथा सांगत नाही, धडा सांगते.

"भाऊ 'हो' म्हणाला म्हणजे गेला असं नाही," ती म्हणते. "गेला म्हणजे दुकान उघडं होतं असं नाही. दुकान उघडं होतं म्हणजे खमीर मिळालं असं नाही. आणि मिळालं म्हणजे ते घरापर्यंत आलं, असं तर मुळीच नाही. वाटेत फुटबॉल असतो. म्हणून तो परत आला की मी तोंडाकडे बघत नसे. हाताकडे बघायची."

पुढे करक शहरात जाऊन तिनं दोन वर्षांचा डिप्लोमा केला. नवरा फॉस्फेटचा ट्रक चालवायचा, वाळवंटातल्या रस्त्यावर अपघातात गेला, त्याला नऊ वर्षं झाली. मुलगा रकान अकाबा बंदरात क्रेन चालवतो आणि आईला रोज फोन करतो. फोनवरसुद्धा ती त्याला "जेवलास का" असं विचारत नाही, "काय जेवलास" असं विचारते. 'हो' या उत्तरावर तिचा विश्वासच नाही.

स्क्रिप्ट शिकवायला लागली तेव्हा मला म्हणाली, "हे बघ, स्क्रिप्ट म्हणजे मुकादम. स्वतः फावडं उचलत नाही. याला हाक मार, त्याला धाड, एवढंच तिचं काम. काम करणारे प्रोग्रॅम बाहेरचे, कुणी कुणी लिहिलेले. त्यांना धाडणं कुणालाही येतं. परत आल्यावर काय विचारायचं, ते ज्याला कळलं तो मुकादम."

विचारायचं काय, तर आकडा. बाहेरचा प्रोग्रॅम काम आटोपून परत येतो तेव्हा हातात एक आकडा घेऊन येतो. शून्य असेल तर काम झालं. दुसरं काहीही असेल तर कुठेतरी अडलं. शाळेत शून्य मिळालं की छडी मिळायची, इथे शून्य मिळालं की आम्ही चहा सांगतो. शिवाय प्रत्येक प्रोग्रॅमला दोन तोंडं असतात, एक उत्तर द्यायला आणि एक तक्रार सांगायला, आणि दोन्ही ऐकावी लागतात. काही जण तर परतच येत नाहीत, त्यांना आधीच वेळ ठरवून द्यावी लागते. उम्म रकानच्या स्क्रिप्टमध्ये धाडण्याच्या ओळी चार होत्या आणि विचारपुशीच्या साठ. येणारा प्रत्येक नवा इंजिनिअर तिला विचारायचा की एवढं लांबलचक कशाला, आणि प्रत्येकाला ती खमिराची गोष्ट सांगायची.

पहाटे पाचला स्क्रिप्ट उठायची. पहिला प्रोग्रॅम डोंगरावरच्या मोठ्या टाकीत पाणी किती ते विचारून यायचा. दुसरा त्या दिवशी कुठल्या मोहल्ल्याची पाळी ते काढायचा. तिसरा त्या मोहल्ल्याच्या मुख्य व्हॉल्व्हला फोन लावून तो उघडायचा, कारण मुख्य व्हॉल्व्ह आता विजेवर चालतात आणि प्रत्येकाला मोबाइलसारखं सिमकार्ड आहे. चौथा लोकांना मेसेज पाठवायचा, 'तुमच्या भागात पाणी सोडलं आहे.' तिसरा शून्य घेऊन आला नाही तर चौथा हलायचा नाही. न सुटलेल्या पाण्याची वार्ता लोकांना द्यायची नाही, हा उम्म रकानचा नियम. मला वाटतं, देशातल्या बऱ्याच मंत्र्यांना तो लावता येईल.

आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदाच येतं. पाळीच्या दिवशी कुणी लग्न ठरवत नाही, पाहुणे बोलावत नाही. गच्चीवरच्या टाक्या भरायच्या, गालिचे धुवायचे, पोरांना खरारा करायचा. त्या दिवशी पाणी आलं नाही तर पुढचे सात दिवस टँकरवाल्याच्या दाढीला हात लावत काढायचे.

गेल्या वसंतात राजधानी अम्मानहून इंजिनिअर ताहसीन आमचे प्रमुख म्हणून आले. माणूस टापटिपीचा. बुटांवर धूळ नाही, टेबलावर कागद नाही, आणि सकाळी सव्वाआठला वर जाणाऱ्या अहवालात लाल ओळ नको, असा त्यांचा खाक्या. तिसऱ्याच दिवशी त्यांनी उम्म रकानला बोलावलं. मी फाइल घेऊन तिथेच उभा होतो.

"उम्म रकान, हे लाल काय आहे?"

"तिसरा शून्य घेऊन आला नाही, साहेब. मेंढीबाजाराच्या व्हॉल्व्हला फोन लागला नाही. दहा मिनिटांनी पुन्हा लावला, लागला."

"म्हणजे काम झालं."

"झालं. दुसऱ्या खेपेला."

"मग लाल कशाला?"

"पहिल्या खेपेला झालं नव्हतं म्हणून."

"वर वाचणाऱ्याला पहिली खेप, दुसरी खेप काय करायचीय. लाल दिसलं की तो मला फोन करतो."

"फोन करावा म्हणूनच ते लाल आहे."

ताहसीनसाहेबांनी शेजारच्या जिल्ह्यांचे अहवाल पुढे सरकवले. "हे बघा. महिनोन्महिने हिरवेगार."

"त्यांच्याकडे पाणी येतं का?"

"उम्म रकान."

"नाही, विचारते आपली."

साहेबांनी मग सरळच सांगितलं. परत येणारा आकडा कुठलाही असो, शून्य धरायचा. तक्रारीच्या तोंडाला बोळा घालायचा. शेवटी छापायचं, 'चारही कामं पूर्ण, सर्व ठीक.' अडचणी आपण आपसात निस्तरू, वरच्यांची सकाळ कशाला नासवायची.

"साहेब, प्रगतिपुस्तक परीक्षेच्या आधीच छापायचं म्हणता," ती म्हणाली. "ते मी छापणार नाही. लेखी आदेश दिलात तरी नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

खोलीत दुसरा कुणी म्हणजे मीच होतो. मला चार मिनिटं लागली. एकेचाळिसावी ओळ आणि तिच्यासारख्या आणखी तीन. काम इतकं सोपं होतं की मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, आणि साहेबांनी "शाबास, हे असं पाहिजे" म्हणून त्या कौतुकावर तूप ओतलं.

पुढच्या रविवारी, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पहिल्याच कामाच्या दिवशी, उम्म रकानला तक्रार खिडकीवर बसवलं. "तक्रारी घेऊन बायकाच येतात, तिथे बाईच बरी," असं ताहसीनसाहेब म्हणाले. बावीस वर्षांची मुकादम आता शिक्का मारायला बसली, आणि आमच्यातल्या एकाही पितळी पाटीला त्यात काही वावगं दिसलं नाही. प्लास्टिकच्या पाटीलाही नाही, हे मी लिहून ठेवतो.

त्यानंतरचे अहवाल असे हिरवे निघाले की त्यांत मेंढ्या चाराव्यात.

तलआ हा आमच्या गावचा सगळ्यांत उंचावरचा मोहल्ला. त्याची पाळी बुधवारची. एका बुधवारी तलआच्या लोकांना मेसेज आला, 'तुमच्या भागात पाणी सोडलं आहे.' बायकांनी गालिचे बाहेर काढले, माणसं गच्चीवर जाऊन टाक्यांची झाकणं उघडून बसली. पाण्याचा थेंब नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा मेसेज, पुन्हा झाकणं, पुन्हा थेंब नाही. तक्रारी उम्म रकानच्या खिडकीवर येऊ लागल्या. ती शिक्का मारून वर पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी त्या खाली यायच्या, प्रत्येकीवर तेच वाक्य: 'प्रणालीनुसार पाणीपुरवठा झालेला आहे. तक्रार निकाली.'

एका म्हाताऱ्या बाईनं ते वाक्य तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "प्रणाली कुठे राहते गं? तिच्या घरी जाऊन अंघोळ करता येईल का?"

या सगळ्यात मधे सापडला अबू हुझैफा. तलआचा व्हॉल्व्हवाला. एकतीस वर्षं नोकरी झालेली आणि पेन्शनला दोन उरलेली. मुख्य व्हॉल्व्ह विजेचा असला तरी आत गल्ल्यांचे व्हॉल्व्ह अजून हातानं फिरवावे लागतात. त्यासाठी त्याच्याकडे माणसाच्या छातीला लागेल एवढी लोखंडी किल्ली असते. बुधवारी पहाटे तो आपले सातही व्हॉल्व्ह उघडून बसायचा, पण मागून पाणीच नाही, तर तो तरी काय करणार. त्यानं कार्यालयात फोन केला. फोन मी उचलला. मी त्याला अम्मो, म्हणजे काका, म्हणतो.

"बेटा इयास, मागून पाणी नाही."

"अम्मो, इथे तर सर्व ठीक दाखवतंय."

"मी पायपावर पाय ठेवून उभा आहे. पाणी असलं की पायाला कळतं. काही नाही."

"सिस्टीम म्हणतेय, मुख्य व्हॉल्व्ह उघडा आहे."

"मग सिस्टीमला म्हणावं, इथे येऊन पाय ठेव."

मी हसलो, तेही मोठ्यानं, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं. एकतीस वर्षांचा पाय खोटा आणि मी स्वतःच्या हातानं खोटं बोलायला लावलेली ओळ खरी. मूर्खपणालाही शिक्षण लागतं, ते माझं झालेलं होतं.

तिसऱ्या बुधवारी कुणीतरी फोटो काढला. अबू हुझैफा किल्ली घेऊन व्हॉल्व्हपाशी उभा, आणि मागे टँकर. टँकर तर त्या दिवशी तलआत सतरा आले होते, कारण लोकांना पाणी हवं होतं. पण मोहल्ल्याच्या ग्रुपवर फोटो फिरला आणि खाली लिहिलेलं होतं, 'आपलं पाणी कुठे जातं बघा.' संध्याकाळपर्यंत तो पाणीचोर झालेला होता. तलआत पाणीचोर म्हणजे ज्याच्या सलामाला कुणी उत्तर देत नाही तो माणूस. मशिदीत त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या, असं त्याच्या धाकट्या भावानं मला नंतर सांगितलं.

ताहसीनसाहेबांनी गुरुवारीच त्याला निलंबित केलं. कारण अगदी शुद्ध तर्काचं: अहवाल म्हणतो मुख्य व्हॉल्व्हमधून पाणी सुटलं, लोक म्हणतात घरात आलं नाही, आणि मधे माणूस एकच आहे. चौकशीला अम्मानहून समिती येणार, आणि दोष शाबीत झाला तर नोकरी जाणार, पेन्शनही जाणार.

किल्ली जमा करायला तो रविवारी आला. भांडार बंद होतं, म्हणून तक्रार खिडकीपाशी आला आणि ते लोखंड खिडकीच्या फळीवर आडवं ठेवलं.

"उम्म रकान, हिची पोच दे."

"तू पाणी विकलंस का?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं. मागून पाणी होतं का?"

"नव्हतं. तीनही बुधवारी नव्हतं. तुमच्या त्या इयासला फोन केला होता, तो हसला."

तिनं पोच दिली नाही. किल्ली खिडकीच्या आत ओढून घेतली, खिडकीवर 'पाच मिनिटांत येते' अशी पाटी लावली आणि थेट माझ्या टेबलापाशी आली.

"तिसऱ्यानं तीन बुधवार काय आकडा आणला?"

"शून्य, खाला."

"त्यानं आणला, की तू लिहिलास?"

मी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिनं चष्मा लावला आणि एकेचाळिसावी ओळ वाचली. मला शिव्या पडणार म्हणून मी खांदे आवळून बसलो होतो, पण शिव्या पडल्या नाहीत.

"चार भाऊ वाढवले मी," ती म्हणाली. "चौघेही खोटं बोलायचे. पण खमीर न आणता 'आणलं' असं पाटीवर लिहून ती भिंतीला टांगणारा त्यांच्यात एकही नव्हता."

मग तिनं तिसऱ्या प्रोग्रॅमला स्क्रिप्टच्या बाहेर, एकट्याला हाक मारली. तो सात आकडा घेऊन परत आला. तक्रारीच्या तोंडातला बोळा निघाल्याबरोबर ते तोंडही बोललं: तलआच्या व्हॉल्व्हचा हा फोन क्रमांक आता चालू नाही. सिमकार्डाचा करार बदलला होता, क्रमांक नवा झाला होता, आणि तो कळवणारं पत्र ताहसीनसाहेबांच्या टापटिपीच्या कपाटात व्यवस्थित फाइल केलेलं सापडलं. प्रोग्रॅम तीन बुधवार येऊन हेच सांगत होता. तीन बुधवार आम्ही त्याचं तोंड दाबून खाली 'सर्व ठीक' छापत होतो.

"आधी पाणी," उम्म रकान म्हणाली. "भांडण मागाहून." तिनं नवा क्रमांक घातला, तिसरा गेला आणि शून्य घेऊन आला. अबू हुझैफाला तिनं किल्ली परत दिली. "जा, गल्ल्यांचे व्हॉल्व्ह उघड. कुणी विचारलं तर सांग, मी धाडलं." तो निलंबित होता, तिला अधिकार नव्हता, वारही रविवार होता, तलआच्या पाळीचा नव्हता. पण पाणी चढलं.

आणि तिथेच घोळ झाला. मंगळवारी समिती आली तेव्हा तलआच्या टाक्या भरलेल्या होत्या. ताहसीनसाहेबांच्या हातात आयतं कोलीत आलं.

समितीचे अध्यक्ष फव्वाझ, ज्यांना मानानं उस्ताद म्हणायचं, कायदा शाखेतले, जाड भिंगांचा चष्मा लावणारे, दर दोन वाक्यांनी खोकणारे. बाकीचे दोघे पूर्ण वेळ टिपणं घेत होते. भिंतीपाशी खुर्चीवर अबू हुझैफा, हात मांड्यांवर ठेवून.

"व्हॉल्व्ह चालतो, हे सिद्धच झालं," ताहसीनसाहेब म्हणाले. "याच्यावर कारवाई झाली आणि तिसऱ्या दिवशी पाणी आलं. तीनही बुधवारचे अहवाल हिरवे आहेत. यंत्राला कुणाशी वैर नसतं."

"क्रमांक मी बदलला म्हणून पाणी आलं," उम्म रकान म्हणाली.

"असं तुम्ही म्हणता. अहवाल तसं म्हणत नाही."

उस्ताद फव्वाझ खोकले. "बाई, अहवालात काहीतरी दिसायला हवं ना. आम्ही कागदावर चालतो."

"मग कागदच काढते. इथेच, तुमच्यासमोर." तिनं मला सर्व्हरचा पडदा भिंतीवर लावायला सांगितला. "उस्ताद, ही चार नावं दिसतात? ही चार कामं. तिसऱ्याचं नाव मी पुसते. त्या जागी तुम्ही एखादं नाव सांगा. या जगात नसलेल्या गोष्टीचं."

"म्हणजे कसल्या?"

"कसल्याही. तुम्हाला खात्री हवी की ती नाही आणि व्हायचीही नाही."

उस्ताद फव्वाझ विचारात पडले. टिपणं घेणाऱ्यांपैकी एकजण वर न बघता म्हणाला, "उस्तादांची बढती."

हशा पिकला. उस्तादसुद्धा खोकत खोकत हसले. "घाला. अकरा वर्षं वाट बघतोय."

उम्म रकान हसली नाही. तिनं ते नाव अक्षरशः तिसऱ्या ओळीत घातलं. "चौथा मी बंद ठेवलाय, नाहीतर आजच्या पाळीच्या मोहल्ल्याला खोटा मेसेज जाईल," असं सांगून स्क्रिप्ट चालवली. भिंतीवर पहिला गेला, आला. दुसरा गेला, आला. तिसऱ्या जागी असा कुठलाही प्रोग्रॅम पृथ्वीच्या पाठीवर नव्हता. चौथा बंद होता. आणि खाली टपोऱ्या हिरव्या अक्षरांत उमटलं: 'चारही कामं पूर्ण. सर्व ठीक.'

मग उस्ताद फव्वाझ म्हणाले, "म्हणजे मला बढती मिळाली."

"अहवालानुसार मिळाली," उम्म रकान म्हणाली. "अबू हुझैफानं पाणी विकलं, तेही याच अहवालानुसार. आता दोन्ही माना, नाहीतर एकही मानू नका."

ताहसीनसाहेब म्हणाले की हा पोरखेळ आहे, प्रणालीचा अवमान आहे, हे परवानगीशिवाय झालं. पण उस्ताद फव्वाझनी चष्मा काढून पुसला आणि त्या हिरव्या ओळीचा छापील कागद मागितला. कागद निघाला, अगदी बुधवारच्या तीन कागदांसारखाच. चारही शेजारी ठेवले तर कुठला खरा ते सांगता येईना.

दुपारी इतिवृत्त तयार झालं. 'तांत्रिक बिघाडामुळे तीन पाळ्यांना पुरवठा होऊ शकला नाही. संशयाचा फायदा देऊन कर्मचाऱ्यास कामावर घेण्यात यावं.' खाली सह्यांच्या जागा. कागद उम्म रकानपुढे आला तेव्हा तिनं पेन बंद केलं.

"बिघाड कशाचा?"

"तांत्रिक," उस्ताद म्हणाले.

"मोडेम बिघडलं नव्हतं. प्रोग्रॅम बिघडला नव्हता. त्यानं तीनदा येऊन खरं सांगितलं. ऐकायचं नाही, असं इथे माणसांनी ठरवलं होतं. ठरवण्याला बिघाड म्हणत नाहीत. आणि संशय कसला? कुठला संशय उरलाय, ज्याचा याला फायदा देताय?"

"बाई, नावं घालून आता कुणाचं भलं होणार आहे?"

"अबू हुझैफाचं नाव घातलंत तेव्हा हे कुणी विचारलं नाही."

तिनं कागद स्वतःकडे ओढला आणि सह्यांच्या वर, उरलेल्या जागेत, बारीक सुवाच्य अक्षरांत लिहिलं: 'स्क्रिप्टच्या एकेचाळिसाव्या ओळीत अपयशाचा आकडा शून्य धरण्याचा बदल इंजिनिअर ताहसीन यांच्या तोंडी आदेशावरून करण्यात आला. त्यामुळे खोटे अहवाल निघाले. अबू हुझैफा यांचा यात काडीचाही दोष नाही. बदल करणारा:' आणि पुढची जागा मोकळी ठेवून कागद माझ्याकडे सरकवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझी सही एरवी कुणाला वाचता येत नाही. त्या दिवशी मी वाचता येईल अशी केली.

अबू हुझैफा दुसऱ्या दिवशी कामावर आला. 'संशयाचा फायदा' हे शब्द इतिवृत्तातून गेले, कारण तिच्या मजकुराखाली ते शोभेनात असं खुद्द उस्ताद फव्वाझच म्हणाले. माझा तीन दिवसांचा पगार कापला गेला, तो योग्य होता. उम्म रकानला कामाच्या वेळेत तक्रार खिडकी सोडल्याबद्दल समज देणारं पत्र आलं. होय, तिला. आणि ताहसीनसाहेबांना अम्मानला चार दिवसांच्या प्रशिक्षणासाठी पाठवण्यात आलं, त्यांनी तिथून प्रमाणपत्र आणलं आणि ते काचेत बसवून घेतलं. एकेचाळिसावी ओळ मी पूर्ववत केली. उम्म रकानची बदली रद्द व्हायला मात्र अजून दोन महिने लागले.

पण तलआ मोहल्ला एवढ्यावर थांबला नाही. त्यांनी ज्याला चोर म्हटलं होतं त्याच्या दाराशी आता त्यांनाच जायचं होतं. शुक्रवारच्या नमाजानंतर हाज सल्लाम हा सगळ्यांत वयस्कर माणूस पुढे आणि मागे अकराजण, असे ते माफी मागायला निघाले. उम्म रकानचा आदल्या दिवशी मला फोन आला.

"तू जाणार आहेस ना?"

"खाला, मी तलआचा नाही."

"ओळ तलआची होती का?"

गेलो. अबू हुझैफाच्या बैठकीत आम्ही भिंतीला टेकून बसलो. त्याच्या भावानं कॉफी फिरवली. हाज सल्लामनं आपला पेला उचलला नाही, समोर तसाच ठेवला, आणि म्हणून कुणीच उचलला नाही.

"अबू हुझैफा," हाज सल्लाम म्हणाला, "आम्ही फोटो पाहिला आणि माणूस पाहिला नाही. एकतीस वर्षं तू आमच्या दाराशी पाणी आणलंस. आमचं तोंड काळं झालं. तू माफ केलंस तरच तुझी कॉफी आमच्या घशाखाली उतरेल."

अबू हुझैफानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला राग आलेला होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. "माझी बायको त्या फोटोपासून दुकानात गेलेली नाही," तो म्हणाला. "हे तुम्हाला माहीत असू दे." मग हात पुढे केला. "प्या."

सगळ्यांनी पेले उचलले. माझा उचलायचा मला धीर होईना.

"तू का थांबलायस?" त्यानं विचारलं.

"अम्मो, ती ओळ मी बदलली होती. आणि फोनवर हसलो होतो."

"ठाऊक आहे. उम्म रकाननं सांगितलं. सही वाचता येते असंही म्हणाली." त्यानं माझ्या पेल्याकडे बोट केलं. "पी, निवतेय. ज्यानं नाव लिहिलं त्याच्याशी माझं भांडण नाही."

तेवढ्यात दारात कार्यालयाचा ड्रायव्हर उभा राहिला. ताहसीनसाहेबांनी कुनाफा या मिठाईचं मोठं तबक पाठवलं होतं, वर रिबीन, आणि कार्डावर 'कार्यालयाच्या वतीनं शुभेच्छा'. साहेब गाडीत नव्हते.

अबू हुझैफानं तबक घरात घेतलं नाही. भावाला सांगून एक रिकामा पेला मागवला, त्यात स्वतःच्या हातानं कॉफी ओतली आणि दाराशेजारच्या छोट्या टेबलावर ठेवली.

"हे गोड परत ने," तो ड्रायव्हरला म्हणाला. "आणि साहेबांना सांग, त्यांचा पेला भरून ठेवलाय. इथे येऊन, हाज सल्लामसारखं बसून, मागायचं ते मागावं. मग प्यावा."

ड्रायव्हर बिचारा तबक घेऊन गेला. रविवारी मी स्वतःही हा निरोप साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन जशाचा तसा सांगितला. त्यांनी हातातला कागद कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि म्हणाले, "बघू, वेळ मिळाला की."

त्याला आता सात महिने होतील.